इलेक्ट्रिक मेंडोलिनसाठी पेडल निवडताना : झाडीपट्टीच्या मंचावरून

दिवाळी झाली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीच्या चार जिल्ह्यांत मंडई, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात, शंकरपट (बैलांच्या शर्यती) होतात आणि गावोगावच्या मोकळ्या शेतात रात्रभर चालणारी नाटके उभी राहतात. मंचापुढच्या वादकांच्या जागेत ऑर्गन, तबला-ढोलक, ऑक्टोपॅड आणि सिंथेसायझर ही मंडळी ठरलेली असतात. एखाद्या संचात इलेक्ट्रिक मेंडोलिनही असते. शेजारचा सिंथेसायझरवाला एका बटणात सारंगी, दुसऱ्या बटणात बासरी आणि तिसऱ्या बटणात वादळ काढून दाखवतो, तेव्हा मेंडोलिनवाल्याला आपला आवाज उघडा-बोडका वाटू लागतो आणि तो आवाज बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या इफेक्ट पेडलच्या शोधाला लागतो. अडचण अशी की बाजारातील जवळपास प्रत्येक पेडल गिटार डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असते आणि त्याविषयीचा बहुतेक सल्लाही गिटारवाल्यांनीच दिलेला असतो. तो जसाच्या तसा मेंडोलिनला लावल्यास पैसे जातात आणि आवाजही बिघडतो.

हे मी स्वतःच्या खिशातून शिकलो आहे. माझे पहिले पेडल डिस्टॉर्शनचे, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारे होते. मोबाइलवर कोणीतरी गिटार वाजवत होता, आवाज भारदस्त वाटला आणि मी ते नागपूरहून घेऊन आलो. पहिल्याच प्रयोगात खलनायकाच्या प्रवेशाला ते दाबले, तेव्हा साउंडवाल्याने मिक्सरवरचा माझा फेडर सरळ खाली ओढला आणि मध्यंतरात येऊन म्हणाला, “भाऊ, तुमचा आवाज कानात सुया टोचल्यावानी येते.” दोष पेडलचा नव्हता, मी क्रम चुकवला होता. तो क्रम नीट लागावा, म्हणून पुढील मांडणी केली आहे.

पहिली पायरी : आपले वाद्य ओळखणे

मेंडोलिनच्या तारा व्हायोलिनप्रमाणे पंचमाच्या अंतराने लावल्या जातात. सर्वांत खालची ‘जी’ (G) तार 196 हर्ट्झवर, नंतर डी 294, ए 440 आणि सर्वांत वरची ई 659 हर्ट्झवर बोलते. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झवर असते, म्हणजे आपला खालचा सूर गिटारच्या खालच्या सुरापेक्षा सप्तकाहूनही थोडा वर आहे. त्यातच मेंडोलिनच्या तारेची लांबी जेमतेम 35 सेंटिमीटर असल्याने सूर चटकन विझतो. उंच स्वर आणि अल्पायुषी नाद या दोन गोष्टी पेडल निवडताना सतत लक्षात ठेवाव्या लागतात, कारण पुढचे जवळपास सगळे निर्णय त्यांतूनच निघतात.

यानंतर तारा किती आहेत ते पाहावे. पारंपरिक मेंडोलिनला चार जोड्या, म्हणजे आठ तारा असतात. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक मेंडोलिनला अनेकदा चार किंवा पाच सुट्या तारा असतात. फेंडर कंपनीने 1956 साली आणलेले इलेक्ट्रिक मेंडोलिन चार सुट्या तारांचेच होते, आणि कर्नाटक संगीतात हे वाद्य रुजवणारे यू. श्रीनिवास (1969–2014) पाच सुट्या तारांचे इलेक्ट्रिक मेंडोलिन वाजवत. जोडतार कितीही काळजीपूर्वक लावली तरी दोन तारांत किंचित फरक राहतो. साध्या आवाजात त्या फरकाने गोडवा येतो, पण डिस्टॉर्शनमधून गेल्यावर तोच फरक खरखर होऊन बाहेर पडतो. आठ तारांच्या मेंडोलिनवर डिस्टॉर्शन वाजवायचेच असेल, तर प्रत्येक जोडीतील एक तार काढून पाहावी. खर्च काहीच नाही आणि काही वेळा नवीन पेडलची गरजच उरत नाही.

तिसरी गोष्ट पिकअपची, म्हणजे तारांचे कंपन पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागाची. पिकअप चुंबकीय आहे की पिझो (वाद्याच्या कंपनाच्या दाबातून सिग्नल देणारा), हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा घरीच तपासावे. पिकअपच्या झाकणाजवळ लहान स्क्रूड्रायव्हर हळूच न्यावा. तो ओढला गेला, तर पिकअप चुंबकीय समजावा. वाद्याच्या पोटावर बोटाने टकटक केल्यावर स्पीकरमधून ती टकटक ठळक ऐकू आली आणि लोखंड मात्र कुठेच चिकटले नाही, तर पिझो समजावा. चुंबकीय पिकअपला तारेतील लोखंडाशी काम असते, त्यामुळे ब्राँझने गुंडाळलेल्या जाड तारा त्यावर दबक्या वाजतात आणि वरच्या साध्या पोलादी तारा कर्कश पुढे येतात. हा असमतोल पेडलने दुरुस्त करण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. त्यापेक्षा निकेलने गुंडाळलेल्या तारांचा संच घालणे स्वस्त पडते.

पिझोची गोष्ट वेगळी. त्याचा सिग्नल अशक्त असतो आणि त्याला पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा अवरोध) मोठा लागतो. निदान एक मेगओहम, शक्यतो त्याहून कितीतरी अधिक. तो कमी मिळाला की खालचे सूर गळतात आणि पत्र्यावर वाजवल्यासारखा पातळ, चिरका आवाज उरतो. म्हणून पिझोवाल्या मेंडोलिनचे पहिले पेडल कोणते, याचे उत्तर एकच आहे : प्रीअँप, म्हणजे अशक्त सिग्नल सशक्त करून पुढे देणारा. तो आल्याशिवाय दुसरे काहीही घेऊ नये. ज्यांच्या वाद्यात 9 व्होल्टची बॅटरी घालण्याचा कप्पा आहे, त्यांच्याकडे प्रीअँप बहुधा आतच असतो. त्यांनी ही पायरी ओलांडावी.

दुसरी पायरी : आवाज शेवटी कुठे जाणार आहे?

गिटारच्या अँप्लिफायरमधला स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज फारसा बाहेर टाकत नाही. डिस्टॉर्शन पेडलमधून निघणारा बोचरा भाग तिथेच गाळला जातो आणि उरलेला आवाज आपल्याला भरदार वाटतो. आपल्याकडे मात्र मेंडोलिन सरळ मिक्सरमध्ये आणि तिथून मोठ्या बॉक्समध्ये जाते. त्या बॉक्समधला वरचा हॉर्न 5 किलोहर्ट्झच्या कितीतरी पुढचे सगळे इमानेइतबारे वाजवतो. माझ्या सुया त्या हॉर्नमधून येत होत्या. त्यामुळे मिक्सरमध्ये जाणाऱ्या वादकाने ओव्हरड्राइव्ह (डिस्टॉर्शनचा सौम्य प्रकार) किंवा डिस्टॉर्शन घेण्याआधी स्पीकरची नक्कल करणारे, म्हणजे कॅब सिम्युलेटर असलेले उपकरण आपल्याकडे आहे की नाही ते पाहावे. एकातच अनेक इफेक्ट देणाऱ्या अनेक मल्टिइफेक्ट यंत्रांत ते अंगभूत असते.

याच पायरीवर आणखी एक खर्च वाचतो. गावातल्या मंडपात ध्वनियंत्रणा बहुतेक वेळा मोनो चाललेली असते, म्हणून डावी-उजवीकडे फिरणाऱ्या स्टिरिओ डिलेसाठी (डिले म्हणजे प्रतिध्वनी देणारे पेडल) जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

मिक्सर दूर असेल तर शेवटी डीआय बॉक्स जोडावा. तो सिग्नल बॅलन्स्ड करतो, त्यामुळे लांब केबलमध्ये घुं कमी शिरते. त्यावर घुं तोडणारे ग्राउंड लिफ्टचे बटण असावे. घुं घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. तसे कधीही करू नये. धानाच्या बांधीतली ओली जमीन, जनरेटरवरची वीज, हातात धातूच्या तारा आणि समोर माइक, एवढे एकत्र आल्यावर शॉक बसायला वेळ लागत नाही.

तिसरी पायरी : पैसे कोणत्या क्रमाने घालावेत

सर्वांत आधी ट्यूनर (पिझोवाल्यांनी प्रीअँपनंतर). पहाटे तीनच्या थंडीत तारा चढतात, दिव्यांच्या झोतात उतरतात, आणि नायिकेचे नाट्यगीत सुरू होण्याआधी तुमच्या हातात अर्धे मिनिट असते. पायाने दाबल्यावर आवाज पूर्ण बंद करून सूर दाखवणारा क्रोमॅटिक, म्हणजे बाराही स्वर ओळखणारा ट्यूनर घ्यावा. फक्त गिटारच्या सहा तारा ओळखणारा घेऊ नये.

दुसरे इक्वलायझर, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करणारे, आणि माझ्या मते मेंडोलिनसाठी हेच सर्वांत मोलाचे पेडल आहे. बॉस कंपनीच्या सात पट्ट्यांच्या जीई-7 या पेडलवर 100, 200, 400, 800 हर्ट्झ आणि 1.6, 3.2 व 6.4 किलोहर्ट्झ अशी सरकती बटणे आहेत. आपला सर्वांत खालचा सूरच 196 हर्ट्झचा असल्यामुळे 100 ची पट्टी निःशंकपणे पूर्ण खाली ओढावी. तिथे मेंडोलिनचा एकही सूर नाही. आहेत ते फक्त मंचावरच्या पावलांचे धक्के, हाताची ठोकर आणि वीजपुरवठ्याची घुं. पोकळ पोटाचे मेंडोलिन मॉनिटरसमोर (वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरसमोर) घुमू लागले, तर 200 किंवा 400 पैकी कोणती पट्टी खाली घेतल्यावर ते थांबते हे प्रयोगाआधीच शोधून ठेवावे. 3.2 किलोहर्ट्झच्या आसपास पिकचा टकटकाट आणि पिझोचा चिरकेपणा असतो, तिथे थोडी कपात केली की आवाज माणसात येतो. मात्र साऱ्याच पट्ट्या खाली ओढत बसू नये. ऑर्गन आणि गायकाच्या आवाजातून मेंडोलिन वेगळे ऐकू येते तेही त्याच वरच्या भागामुळे.

तिसरे कंप्रेसर. सूर लवकर विझतो ही आपल्या वाद्याची मूळ उणीव, आणि तिच्यावरचा सर्वांत सरळ उपाय हा. कंप्रेसर जोरात वाजलेला सूर दाबतो आणि विझत चाललेला सूर उचलून धरतो, त्यामुळे मींड घेताना सूर वाटेतच मरत नाही. रेशो (दाबण्याचे प्रमाण) 3:1 किंवा 4:1 पुरेसा होतो. अटॅक (दाबणे सुरू व्हायला लागणारा वेळ) अगदी झटपट ठेवल्यास पिकचा पहिला टोलाच चिरडला जातो आणि मेंडोलिन मेंडोलिन राहत नाही. 10 ते 20 मिलिसेकंदांपासून सुरुवात करून कानाने ठरवावे. काही लहान पेडलवर रेशो-अटॅकऐवजी केवळ सस्टेन आणि लेव्हल अशी दोन बटणे असतात. त्यांत सस्टेन अर्ध्याच्या खालीच ठेवावे. कंप्रेसर मंद आवाज वर आणतो म्हणजे घुं आणि खरखरही वर आणतो, आणि पोकळ मेंडोलिन असेल तर शिट्टीही लवकर मारतो. हाती वाद्य धरून नुसते गप्प उभे राहावे आणि ऐकावे. शांततेत काय वर येते, त्यावरून कंप्रेसर किती झाला ते कळते.

चौथे डिले, आणि इथे थोडे थांबावे लागेल.

डिलेचा वेळ तालाशी जुळवावा लागतो, नाहीतर समेवर येणारा गायक आणि तुमचा प्रतिध्वनी एकमेकांच्या अंगावर पडतात. हिशेब सोपा आहे : 60,000 ला मिनिटातल्या मात्रांनी भागावे, म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. केरवा मिनिटाला 120 मात्रांनी चालला असेल, तर एक मात्रा 500 मिलिसेकंदांची, अर्धी 250 ची आणि पाऊण 375 ची. 100 मात्रांच्या लयीत हेच आकडे 600, 300 आणि 450 होतात. पण नाटकात ढोलकवाला नटाकडे बघून लय वाढवतो, तेव्हा आकडे कामाचे राहत नाहीत. म्हणून टॅप टेम्पोचे बटण असलेलाच डिले घ्यावा, ज्यात पायाने दोन-तीन ठोके देऊन लय बसवता येते. बटण थोडे महाग पडते, पण रात्रभराच्या प्रयोगात त्याची किंमत वसूल होते.

मेंडोलिनवर लांब सूर दाखवायला आपण पिक वेगाने खाली-वर चालवतो, त्यालाच ट्रेमोलो म्हणतात. ट्रेमोलोवर लांब डिले चालू राहिला की प्रत्येक ठोक्यामागे आणखी तीन ठोके येतात आणि पत्र्याच्या छपरावर गारा पडल्यासारखा गोंधळ होतो. ट्रेमोलोच्या वेळी डिले बंद करावा, किंवा मिक्स (प्रतिध्वनीचा वाटा) पाव भागापर्यंत आणि रिपीट (त्याच्या आवृत्त्या) एक-दोनवर ठेवावेत. उलट, एकेक सूर सोडून वाजवताना, करुण प्रसंगात विशेषतः, डिले खुलतो.

रिव्हर्बविषयी, म्हणजे बंद जागेतल्या घुमण्याचा भास देणाऱ्या पेडलविषयी, एवढेच की उघड्या मैदानात भिंती नसल्यामुळे आवाज कोरडा पडतो, म्हणून रिव्हर्ब हवासा वाटतो. पण साउंडवाल्याने सगळ्या मंचावर आधीच इको लावलेला असतो. प्रयोगापूर्वी त्याच्याशी बोलून दोघांपैकी एकानेच तो लावायचा असे ठरवावे.

रंगाची पेडल

इथपर्यंतच्या पेडलनी आवाज सुधारतो. पुढच्यांनी तो बदलतो, आणि मोहही इथेच होतो.

ओव्हरड्राइव्ह निवडताना खालचे सूर कापणारा नको. गिटारवाल्यांत प्रिय असलेला हिरवा ट्यूब स्क्रीमर साधारण 720 हर्ट्झखालचा भाग विकृतीच्या (डिस्टॉर्शनच्या) आधीच पातळ करतो. गिटारचा गढूळ खर्ज त्यामुळे आवरतो हे खरे, पण मेंडोलिनच्या चारही मोकळ्या तारा त्या रेषेच्या खाली आहेत, म्हणून जी आणि डी तारा हाडकुळ्या होतात. खर्जाचे वेगळे बटण असलेला किंवा सगळा पल्ला राखणारा ओव्हरड्राइव्ह घ्यावा आणि गेन (विकृतीचे प्रमाण) कमी ठेवावा. एक गोष्ट मात्र आपल्या पथ्यावर पडते. शेजारच्या दोन तारांत पंचमाचे अंतर असल्याने एकाच पडद्यावर दोन तारा दाबल्या की सा-प मिळतो, आणि विकृतीतून गेल्यावर त्या दोन सुरांच्या फरकाचा तिसरा सूर खाली उमटतो. मोकळी जी आणि डी एकत्र छेडली, तर 294 उणे 196, म्हणजे सुमारे 98 हर्ट्झचा षड्ज बरोबर एक सप्तक खाली ऐकू येतो; तो हवा असेल तेव्हा मात्र इक्वलायझरची 100 ची पट्टी खाली ओढलेली नसावी. खलनायकाला हवा असलेला भारदस्तपणा इथे आहे. सा-ग एकत्र वाजवल्यास मात्र चिखल होतो.

वाजवलेल्या सुराला खालच्या सप्तकातला सूर जोडणारे ऑक्टेव्ह पेडल हा खर्ज आणखी सरळ मार्गाने देते. बॉसने 1982 साली आणलेल्या ओसी-2 सारखी जुन्या पद्धतीची ऑक्टेव्हर एका वेळी एकच सूर ओळखतात आणि जोडतारेवर गोंधळून गुरगुरतात. आठ तारांच्या मेंडोलिनला पॉलिफोनिक (एकदम अनेक सूर ओळखणारी) ऑक्टेव्हच लागते. सुट्या तारांवर जुनीही छान चालतात, कारण सूर जितका उंच तितका तो यंत्राला लवकर ओळखता येतो आणि इथे मेंडोलिन गिटारपेक्षा सरस ठरते.

एका सुराला किंचित वेगळ्या सुराची जोड देणारा कोरस आठ तारांवर वाया जातो. जोडतार स्वतःच कोरस आहे. चार सुट्या तारांवर तो लावल्यास जोडतारेचा भास होतो. फेझर आणि वाह हौसेची पेडल आहेत, असली तर बरी. व्हॉल्यूम पेडलची मात्र मी शिफारस करीन. पिक मारताना आवाज बंद ठेवून मग पायाने हळूहळू उघडला की टोला नाहीसा होतो आणि सूर गजाने ओढल्यासारखा निघतो. मायलेकांच्या ताटातुटीच्या प्रवेशात सिंथेसायझरच्या सारंगीला तोडीस तोड उत्तर यातून मिळते. चुंबकीय पिकअपला सर्वांत पुढे जोडायचे असल्यास 250 किलोओहमचे आणि प्रीअँप किंवा बफरनंतर जोडायचे असल्यास 25 किलोओहमचे व्हॉल्यूम पेडल घ्यावे; उलटसुलट झाल्यास आवाज मंदावतो.

जोडणीचा क्रम असा ठेवावा : मेंडोलिन, पिझो असल्यास प्रीअँप, ट्यूनर, ऑक्टेव्ह, कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह, इक्वलायझर, कोरस, व्हॉल्यूम, डिले, रिव्हर्ब आणि शेवटी डीआय. व्हॉल्यूम डिलेच्या आधी असल्याने पाय मिटला तरी प्रतिध्वनी आपल्या गतीने विरतो.

वीज

बहुतेक पेडलना 9 व्होल्ट डीसी लागते आणि प्लगचे मधले टोक ऋण असते. अनेक कीबोर्डच्या अडॅप्टरमध्ये ते धन असते. पिन बसते म्हणून चालेल असे समजू नये. दोन्हींवरचे वर्तुळाचे चित्र जुळते का ते पाहावे. त्यानंतर मिलिअँपिअरची बेरीज करावी. साधे अॅनालॉग ओव्हरड्राइव्ह 10 च्या आसपास खाते, तर डिजिटल डिले किंवा रिव्हर्बला 50 ते 100 किंवा अधिकही लागतात. बेरजेपेक्षा पुरवठा सढळ असावा आणि डिजिटल पेडलना आयसोलेटेड (इतरांपासून वेगळे) आउटपुट द्यावे, नाहीतर एकाच तारेवर सगळी जोडल्यास बारीक चिवचिव सुरू होते.

एका मंडईत जनरेटर बदलताना क्षणभर वीज गेली आणि माझा डिले स्वतःला पुन्हा सुरू करीत बसला. तोवर अर्धा अंतरा निघून गेला होता. तेव्हापासून मी पॉवर बँक आणि 5 चे 9 व्होल्ट करणारी केबल वापरतो. जनरेटरची घुंही त्यामुळे गेली. पॉवर बँक घेताना एक परीक्षा करावी : फारच थोडी वीज ओढली जात असेल तर काही पॉवर बँक आपोआप बंद होतात. घरी सगळी पेडल जोडून तासभर सोडून द्यावीत आणि मगच तिच्यावर विश्वास ठेवावा.

दुकानात

स्वतःचे मेंडोलिन, स्वतःची केबल आणि रोजचे पिक घेऊन जावे. दुकानातल्या गिटारवर पेडल ऐकू नये, आणि शक्य असल्यास गिटारच्या अँपऐवजी मिक्सर व बॉक्सवर ऐकण्याचा आग्रह धरावा. मोकळी जी तार, मग ई तारेचा बारावा पडदा (तो 1,318 हर्ट्झवर बोलतो), मग दहा सेकंद ट्रेमोलो आणि मग काहीही न वाजवता शांतता, एवढे चार प्रकार पुरेत. पेडल बंद असतानाही एकदा वाजवून पाहावे, कारण बंद पेडलने आवाज खाल्ला तर तो रात्रभर खाल्ला जाणार आहे. जुने पेडल घेताना प्रत्येक बटण सावकाश फिरवून खरखर ऐकावी, जॅकमध्ये केबल हलवून पाहावी आणि बॅटरीचा कप्पा उघडून हिरवट डाग आहेत का ते बघावे.

पैसे एकदमच जमत नसतील, तर इक्वलायझर, कंप्रेसर, टॅप टेम्पोचा डिले आणि कॅब सिम्युलेटर असलेले एक लहान मल्टिइफेक्ट यंत्र घेणे शहाणपणाचे. त्यातील तयार आवाज गिटारसाठीच असतात. ते सगळे बाजूला ठेवून रिकाम्या पॅचपासून (आवाज साठवण्याच्या कोऱ्या जागेपासून) आपले चार आवाज बांधावेत : एक साधा, एक नाट्यगीताचा, एक करुण, एक खलनायकाचा. प्रयोग चालू असताना याहून जास्त शोधायला वेळही मिळत नाही.

होळीनंतर हंगाम संपला की प्रत्येक पेडलमधून बॅटरी काढून ठेवावी आणि इनपुटमधली केबलही ओढून काढावी, कारण अनेक पेडलमध्ये ती केबल घातली की बटण बंद असले तरी बॅटरी खर्च होत राहते. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पेटी टिनाच्या छपराखाली किंवा बंद गाडीत ठेवू नये. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि दिवाळीच्या पंधरा दिवस आधी सगळी पेडल एकदा जोडून, बटणे फिरवून, खरखरणाऱ्या जॅकवर काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून घ्यावा. नवा जॅक मागवायचा झाला तर तेवढे दिवस हाताशी राहतात.